अमेरिकेतल्या ख्रिस्ती लिबरल आर्ट्स कॉलेजातून मेडिकलकडे: नव्याने येणाऱ्यांसाठी

बारावीनंतर अमेरिकेत शिकून डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजं शोधायला बसलं, की यादीत काही अनोळखी नावं हमखास दिसतात. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची कॅल्विन युनिव्हर्सिटी, तिथून पाऊण तासावरच्या हॉलंड गावातलं होप कॉलेज, शिकागोच्या पश्चिमेचं व्हीटन कॉलेज. विद्यार्थी तीनेक हजार, वर्ग छोटे, स्कॉलरशिप बऱ्यापैकी. मग घरात दोन प्रश्न निघतात. आजी विचारते, "मिशनऱ्यांचं कॉलेज ना ते?" आणि बाबा विचारतात, "तिथून मेडिकलला जाता येतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा मात्र बहुतेक घरांत निघतच नाही आणि नेमका तोच सगळ्यात महागात पडतो. तो व्हिसाचा. सुरुवात त्यानेच करू.

पहिलं पाऊल: नागरिकत्वाचा हिशेब आधी

अमेरिकेत एम.डी. करायला आधी चार वर्षांची पदवी लागते, त्यानंतर चार वर्षं मेडिकल स्कूल आणि मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे पुढची दारं उघडली, असं मुळीच नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांचे अर्ज बहुसंख्य मेडिकल स्कूल विचारातच घेत नाहीत. सरकारी विद्यापीठांची ओढ आपल्या राज्यातल्या मुलांकडे असते. जी थोडी खाजगी स्कूल परदेशी विद्यार्थी घेतात, त्यांतली काही चारही वर्षांचा खर्च आधीच खात्यात दाखवा म्हणतात. सरकारी शैक्षणिक कर्ज एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, मिळत नाही. देशभरात दरवर्षी बावीस-तेवीस हजार मुलं एम.डी.च्या पहिल्या वर्षाला बसतात, त्यांत परदेशी विद्यार्थी शंभरात एकही भरत नाही.

हे इथे वाढलेल्या मराठी मुलांनाही लागू आहे, आणि त्यांच्या आईवडिलांच्या ते उशिरा लक्षात येतं. मूल तिसरीपासून अमेरिकेत शिकलेलं असो, एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल तर मेडिकल स्कूलच्या लेखी ते परदेशीच. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१ घ्यावा लागतो. ग्रीन कार्डची रांग कुठवर आली आहे, हे वडिलांनी मुलाशी अकरावीतच बोलावं.

मग परदेशी मुलांनी हा नाद सोडावा का? डॉक्टरच व्हायचं हे पक्कं असेल आणि भारतात 'नीट' परीक्षा देऊन एमबीबीएस मिळण्यासारखं असेल, तर एमबीबीएस करून यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरकीची परवाना परीक्षा, देण्याची वाट जास्त मळलेली आहे. माझं मत तरी हेच. पण विज्ञानात रस आहे, संशोधन किंवा पब्लिक हेल्थसुद्धा चालेल, अशा मुलासाठी हे शिक्षण फार चांगलं. बायोमेडिकल विषयांतल्या पीएचडीला इथे बहुधा फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो, आणि बऱ्याच ठिकाणी एफ-१ ची आडकाठी नसते.

ज्या मेडिकल स्कूलमध्ये परदेशी अर्ज चालतात त्यांची नावं एमएसएआर या अधिकृत माहितीकोशात मिळतात. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, तो चालवते. वर्गणी थोडी आहे, ती भरा.

दुसरं पाऊल: कॉलेजचा धर्म किती आणि कुठवर, हे विचारा

सगळी ख्रिस्ती कॉलेजं एका माळेचे मणी नाहीत. व्हीटनमध्ये विद्यार्थी स्वतः ख्रिस्ती असावा अशी अपेक्षा असते, कम्युनिटी कव्हनंट नावाच्या आचारनियमांवर सही करावी लागते आणि चॅपलला, म्हणजे प्रार्थनासभेला, हजेरी लागते. कॅल्विन आणि होप इतर धर्मांच्या मुलांना प्रवेश देतात, आणि तिथलं चॅपल ऐच्छिक आहे. कॅल्विनचे प्राध्यापक मात्र चर्चच्या श्रद्धापत्रांशी बांधील असतात. कॅम्पसवर दारू नाही, मुलामुलींनी एकमेकांच्या होस्टेलच्या खोलीत जायच्या वेळा ठरलेल्या, असे नियम या वर्तुळात सर्रास आढळतात. ते ऐकून आईबाबांचा जीव भांड्यात पडतो. मुलांचा नाही.

धर्माचं काय, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. गोपाळराव जोशींनी १८८० मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तेव्हा मदतीच्या बदल्यात धर्मांतराची गोष्ट निघालीच होती. जोशी दांपत्याने ती मानली नाही. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंच्या तो वाचनात आला आणि आनंदीबाईंना अमेरिकेत एक घर मिळालं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, हिंदू म्हणूनच. आज कॅल्विन किंवा होपमध्ये अशी अट कोणी घालत नाही. पण आपली भूमिका आपल्याला माहीत असावी आणि ती मोकळेपणाने सांगता यावी, एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

प्रवेश अधिकाऱ्याला सरळ विचारायचे प्रश्न असे: चॅपल सक्तीचं आहे का? बायबलचे आणि धर्मशास्त्राचे किती कोर्स करावे लागतात? सही करायचं काही पत्रक आहे का, ते आत्ता वाचायला मिळेल का? आणि विज्ञान शिकणाऱ्याने आणखी एक विचारावा: जीवशास्त्र विभागात उत्क्रांती कशी शिकवतात?

हा शेवटचा प्रश्न आडवळणाचा वाटेल, पण त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. काही ख्रिस्ती विद्यापीठं सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली हे शब्दशः मानतात आणि तसं आपल्या श्रद्धापत्रात लिहितात. कॅल्विन-होपसारख्या ठिकाणी उत्क्रांती हा जीवशास्त्राचा पाया म्हणूनच शिकवतात, आणि श्रद्धेशी तिचं कसं जुळवायचं याची चर्चा वर्गात उघडपणे होते. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांनी २००७ मध्ये नेमक्या याच विषयासाठी बायोलोगोस ही संस्था काढली, आणि तिचं कार्यालय ग्रँड रॅपिड्समध्येच आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत उत्क्रांतीवर प्रश्न येतात, तेव्हा ती नीट शिकवली जाते ना, हे पाहणं तुमच्याच फायद्याचं.

तिसरं पाऊल: प्री-मेड ही डिग्री नव्हे

"मी प्री-मेडला आहे" असं मुलं सांगतात, पण पदवीवर तसं काही लिहिलेलं नसतं. प्री-हेल्थ म्हणजे ठरावीक कोर्सची यादी आणि एक सल्लागार. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलाही चालतो: बायोलॉजी, केमिस्ट्री, इतिहास, स्पॅनिशसुद्धा. बहुतेक मेडिकल स्कूल ज्याची अपेक्षा करतात ते साधारण असं: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष, लॅबसकट, बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, शिवाय स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि इंग्रजी लेखन. डेंटल, फिजिओथेरपी, फिजिशियन असिस्टंट यांच्या याद्या थोड्या वेगळ्या, त्यांत अ‍ॅनॉटमी-फिजिऑलॉजीवर भर. नर्सिंगचं पूर्णच वेगळं: ती स्वतंत्र पदवी आहे, क्लिनिकल प्रशिक्षण त्यातच असतं आणि शेवटी एनक्लेक्स परीक्षा देऊन लायसन्स मिळतं.

लिबरल आर्ट्स म्हणजे या यादीच्या जोडीला साहित्य, तत्त्वज्ञान, कला, इतिहास आणि इथे बायबल. आपली मुलं याला 'एक्स्ट्रा' समजतात. एक हिशेब सांगते. मेडिकलच्या अर्जात दोन सरासऱ्या निघतात, एक फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताची, दुसरी सगळ्या विषयांची. ओल्ड टेस्टामेंटच्या कोर्समधला सी त्या दुसऱ्या आकड्याला तितकाच खाली ओढतो जितका झूलॉजीतला. प्रवेश मिळणाऱ्यांचा सरासरी जीपीए चारपैकी ३.८ च्या आसपास असतो, म्हणजे तिथे सूट नाही. बायबलच्या वर्गात ख्रिस्ती घरातल्या मुलांना गोष्टी आधीच पाठ असतात, तुम्हाला नसतात, म्हणून पहिले दोन आठवडे जास्तीचं वाचन धरून चाला. परीक्षा श्रद्धेची नसते, वाचून मुद्दा मांडता येतो का याची असते. गीतेवर किंवा ज्ञानेश्वरीवर घरात वाद ऐकलेल्या मुलाला ते जड जाऊ नये.

चौथं पाऊल: पहिलं वर्ष

पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही लॅबसकट, वर गणित आणि लेखनाचा कोर्स. पुरे. हौसेने पाचवा जड विषय घेऊ नका.

प्रत्येक कोर्सच्या पहिल्या दिवशी सिलॅबस मिळतो. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे त्यात सगळे नियम असतात: कुठल्या क्विझला किती टक्के, उशीर झाला तर किती कापणार, किती गैरहजेऱ्या चालतील. वर्षाच्या शेवटी एक परीक्षा मारून नेऊ, हा बेत इथे चालत नाही, गुण दर आठवड्याला सांडत असतात. कोर्स हाताबाहेर जातोय असं दिसलं तर ठरलेल्या तारखेआधी सोडता येतो, गुणपत्रिकेवर डी पेक्षा डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण, बरा. पण एफ-१ वाल्यांनी आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय कोर्स सोडू नये, कारण पूर्णवेळ क्रेडिट कमी पडले तर व्हिसा अडचणीत येतो.

आता ऑफिस अवर्स. छोट्या कॉलेजात जाण्याचा निम्मा फायदा इथे आहे, आणि आपली मुलं तोच वाया घालवतात. प्राध्यापक आठवड्यातून ठरावीक तास दार उघडं ठेवून बसतात. आपण दाराशी घुटमळतो, "सर बिझी आहेत का" म्हणून परत फिरतो, आणि मग आदल्या रात्री ग्रुपवर प्रश्न टाकतो. आत जा. हातात सोडवायला घेतलेलं गणित असू द्या, "इथवर आलो, पुढे अडलो" एवढं पुरतं. मोठ्या सरकारी विद्यापीठात तीनशे जणांच्या वर्गाला शिकवणाऱ्याला तुमचं नाव ठाऊक नसतं, लॅब पीएचडीचे विद्यार्थी घेतात. इथे लेक्चर आणि लॅब बहुधा प्राध्यापकच घेतात. तुम्ही चुकता कसे, सावरता कसे, हे त्यांना दिसतं. तीन वर्षांनी शिफारसपत्र लिहायला तेच बसणार असतात.

लॅबमध्ये एक सवय मोडावी लागते. ज्युनिअर कॉलेजात आपण जर्नल उतरवून काढतो, उत्तर आधी ठाऊक असतं आणि निरीक्षणं मागाहून जुळवली जातात. इथे अ‍ॅस्पिरिन तयार करायचा साधा प्रयोग घ्या. सॅलिसिलिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटिक अनहायड्राइड, थेंबभर आम्ल, गरम करा, बर्फात थंड करा, पांढरे स्फटिक गाळून घ्या. मग वितळणबिंदू पाहायचा. पुस्तकात तो साधारण १३५ अंश सेल्सिअस. तुमचे स्फटिक १२७ लाच ओलसर दिसू लागतात आणि १३२ ला पूर्ण वितळतात. वहीत १२७ ते १३२ असंच लिहायचं, पेनने. चुकीवर एकच रेघ मारायची, व्हाइटनर नाही. आणि खाली कारण: स्फटिक नीट सुकले नव्हते, किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड उरलं असावं. याला पूर्ण गुण मिळतात. १३५ लिहिणाऱ्याला प्राध्यापक बोलावून घेतात. नक्कल सिद्ध झाली तर कॉलेजच्या दप्तरी नोंद होते, आणि मेडिकलच्या अर्जात अशा कारवाईबद्दल स्वतंत्र प्रश्न असतो. शेजारच्याचा लॅब रिपोर्ट 'फक्त बघायला' मागणंही त्यातच येतं.

दुसऱ्या वर्षीची ऑर्गॅनिक केमिस्ट्री ही या वाटेवरची चाळणी. घोकंपट्टीवर बारावी काढलेला मुलगा पहिल्या पेपरला हबकतो, कारण अभिक्रिया पाठ असल्या तरी इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे बाण काढून दाखवावं लागतं. रोज थोडी, कागदावर हाताने, एवढाच उपाय मला ठाऊक आहे.

पाचवं पाऊल: रुग्णांजवळ जा, पण कागद आधी

डॉक्टरच्या मागे मागे राहून काम पाहणं, म्हणजे शॅडोइंग, आणि दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात सेवा, हे अर्जात दिसावंच लागतं. ग्रँड रॅपिड्समध्ये याची सोय उत्तम: मेडिकल माइल म्हणतात त्या पट्ट्यात मोठी रुग्णालयं, व्हॅन अँडेल संशोधन संस्था आणि मिशिगन स्टेटचं मेडिकल कॉलेज शेजारी शेजारी आहेत.

एफ-१ वर कॅम्पसबाहेर पगारी काम परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणजे बरोबरची मुलं नर्सिंग असिस्टंट किंवा अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी म्हणून तासावर पैसे आणि अनुभव दोन्ही कमावतात, ते तुम्हाला बंद. नुसतं पाहणं आणि जिथे सगळेच विनावेतन करतात अशी सेवा चालते, तरी आधी इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर ठेवा. कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. लॅब असिस्टंट किंवा केमिस्ट्रीचा ट्यूटर व्हा, अर्जात तेही वजनदार दिसतं.

रुग्णालय लसींचे कागद मागतं: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात. आईकडची ती पिवळी पडलेली लसीकरणाची वही येतानाच आणा. आणि टीबीची चाचणी होते. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कोपराखाली हातावर टोचून करायची चाचणी काही वेळा खोटी पॉझिटिव्ह येते. मग एक्स-रे, फेऱ्या, आणि महिनाभर सेवा लांबणीवर. पहिल्यांदाच सांगा, "मला बीसीजी झालेली आहे, रक्ताची चाचणी करा." क्वाँटिफेरॉनसारख्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

ख्रिस्ती कॉलेजांतून सुट्टीत परदेशी वैद्यकीय सेवादौरे निघतात. जायला हरकत नाही, पण तिथे कोणी टाके घालायला किंवा इंजेक्शन द्यायला सांगितलं तर नाही म्हणा. जे अमेरिकेत करायची परवानगी नाही, ते गरीब देशातल्या रुग्णावर केलं, असं अर्जात लिहिलेलं मेडिकल स्कूलना अजिबात आवडत नाही. आणि खरं तर मिरज-वाईच्या मिशन हॉस्पिटलांच्या मुलखातून आलेल्या माणसाला परदेशी विद्यार्थ्यांचं असं 'शिकणं' वेगळंच दिसतं.

सहावं पाऊल: संशोधन

उन्हाळ्यात दहा-एक आठवडे प्राध्यापकाबरोबर पगारी संशोधन, हे छोट्या कॉलेजांचं बलस्थान. पीएचडीचे विद्यार्थी नसल्याने खरं काम पदवीच्या मुलांच्याच हाती येतं. होपचं नाव यासाठी विशेष घेतलं जातं. रसायनशास्त्राचं १९९६ चं नोबेल मिळालेले रिचर्ड स्मॉली तिथे दोन वर्षं शिकले होते. नॅशनल सायन्स फाउंडेशनचे आरईयू हे उन्हाळी कार्यक्रम फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असतात, तेव्हा परदेशी मुलांनी आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकाला दिवाळीच्या सुमारास विचारून ठेवावं. जानेवारीत अर्ज मागवतात तोवर बऱ्याच जागा मनातल्या मनात ठरलेल्या असतात.

सातवं पाऊल: एमकॅट आणि अर्ज

एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा. तिचे चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. सुट्ट्या धरून परीक्षा साडेसात तास चालते. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२. तीन भाग विज्ञान आणि समाजशास्त्रांचे, ते आपली मुलं काढतात. अडतो तो वाचन-आकलनाचा भाग: ९० मिनिटांत ५३ प्रश्न, आणि उतारे कलेवर, नीतिशास्त्रावर, इतिहासावर. ज्या कोर्सना 'एक्स्ट्रा' म्हटलं होतं, त्यांचा उपयोग इथे होतो. वर्षभरात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. सराव म्हणून देऊन पाहू, हे नको.

बहुतेक एम.डी. स्कूलना अर्ज एएमसीएएस या एकाच पोर्टलवरून जातो. मे महिन्यात ते उघडतं, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला अर्ज पाठवता येतो, आणि आधी येणाऱ्याला आधी मुलाखत, म्हणून ऑगस्टपर्यंत थांबू नये. जास्तीत जास्त पंधरा उपक्रम लिहायचे आणि ५,३०० अक्षरांचा निबंध. निबंधात "लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं" याला काही किंमत नाही.

बऱ्याच छोट्या कॉलेजांत प्री-हेल्थ समिती तुमची मुलाखत घेऊन एकत्रित पत्र लिहिते. तिच्या तारखा अर्जाच्या कितीतरी आधी, तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात असतात. वैयक्तिक पत्रं साधारण दोन विज्ञानाच्या आणि एक इतर विषयाच्या प्राध्यापकाकडून. निदान महिनाभर आधी, प्रत्यक्ष भेटून विचारा: "तुम्ही माझ्यासाठी चांगलं पत्र लिहू शकाल का?" ते जरा जरी चाचरले तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची सही मागतात, ती करावी. न केल्यास पत्राचं वजन कमी होतं.

पदवीनंतर एखादं वर्ष थांबून मेडिकलला जाणारे आता निम्म्याहून जास्त आहेत, तेव्हा पुण्याच्या काकूंना ते 'वर्ष वाया' वाटलं तरी वाटू द्या. एफ-१ वाल्यांना त्या वर्षासाठी ओपीटी, म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी, मिळते, बारा महिने, आणि बायोलॉजी-केमिस्ट्रीसारख्या विषयांना पुढे चोवीस महिन्यांची वाढ. अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बिनकामाचं राहता येत नाही, मात्र आपल्या विषयातली, आठवड्याला किमान वीस तासांची विनावेतन कामंही तेव्हा चालतात. वाढीव चोवीस महिन्यांत ती चालत नाहीत, तिथे पगारी नोकरीच लागते. तेव्हा लॅबमधली नोकरी शोधायला शेवटच्या वर्षाच्या जानेवारीपासूनच लागा, आणि पहिलं विचारणं त्याच प्राध्यापकाकडे, ज्यांच्याबरोबर उन्हाळा काढला.